ध्वनीने हाड सांधते काय?

तळहातावर मावेल एवढी एक डबी, तिला जोडलेली वायर आणि वायरीच्या टोकाशी रुपयाहून थोडी मोठी एक चकती. मोडलेल्या हाडावरच्या कातडीला थोडे जेल लावून ती चकती रोज वीस मिनिटे ठेवावयाची. कानाला काही ऐकू येत नाही, अंगाला काही जाणवत नाही. आतून मात्र सेकंदाला पंधरा लक्ष कंपांचा ध्वनी जात असतो. तोही सलग नव्हे. प्रत्येक सहस्रांश सेकंदापैकी एक पंचमांश ध्वनी, चार पंचमांश मौन. त्याचे बळ चौरस सेंटिमीटरला अवघे ३० मिलिवॅट, म्हणजे फिजिओथेरपीत शेक देण्यासाठी जो अल्ट्रासाऊंड वापरतात त्याच्या मानाने अगदी कुजबुज.

या कुजबुजीने हाड लवकर जुळते, असा दावा आहे. तो आमच्यापुढे आला तो कोर्टात नव्हे, घरात. आमच्या आतेबंधूंच्या नडगीचे हाड मोडले होते आणि शस्त्रक्रिया करून आत सळई घातली होती. तीन महिने लोटले तरी क्ष-किरणाच्या फोटोत भेग दिसतच होती. वर्षानुवर्षे देवाच्या पालखीला खांदा देणारा माणूस उत्सवाच्या रात्री कुबड्या घेऊन अग्रशाळेच्या पायरीवर बसलेला पाहणे कोणासही जड जावे. अशा वेळी एका हितचिंतकाने या यंत्राची वार्ता आणली. किंमत ऐकून आत्याबाईंनी हातांतल्या पाटल्यांकडे पाहिले आणि आम्हांस विचारले, "तें यंत्र हाड सांदतलें मूं रे?"

पाटल्या मोडण्यापूर्वी कागदपत्रे पाहणे हे तर वकिलाचेच काम.

मूळ कल्पना खुळी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. हाड म्हणजे लाकडाचा वासा नव्हे, ते जिवंत आहे. भार पडला की ते बळावते, भार काढला की झिजते. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम मांडला. १९५७ मध्ये जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी दाखविले की, हाडावर दाब पडला असता त्यात सूक्ष्म विद्युत्‌भार उत्पन्न होतो. मग ध्वनीच्या लहरींनी हलके हलके दाब देऊन पेशींना 'भार पडतो आहे, कामाला लागा' असे सुचविता येईल, हा तर्क सयुक्तिकच होता. ब्राझीलमध्ये दुआर्ते यांनी १९८० नंतरच्या काळात त्यावर प्रयोग केले. १९९४ मध्ये अमेरिकेत नडगीच्या ६७ मोडींची परीक्षा प्रसिद्ध झाली. निम्म्यांना खरे यंत्र, निम्म्यांना तसेच दिसणारे पण मुके यंत्र. खऱ्या यंत्राची हाडे सरासरी ९६ दिवसांत जुळली, मुक्याची १५४ दिवसांत. त्याच वर्षी तेथील सरकारी खात्याने यंत्रास मान्यता दिली.

येथे पुष्कळांचे वाचन थांबते. हितचिंतकाचेही येथेच थांबले होते.

पुढे २०१६ साली अमेरिका आणि कॅनडा येथील ५०१ रुग्णांची परीक्षा प्रसिद्ध झाली. नडगी मोडलेले आणि आत सळई घातलेले, म्हणजे आमच्या आतेबंधूंचेच जातभाई. येथेही खरे यंत्र आणि मुके यंत्र. चालण्या-वावरण्याच्या शक्तीत फरक पडला नाही, फोटोतही पडला नाही. २०१७ मध्ये अशा २६ परीक्षा एकत्र तपासून तज्ज्ञांच्या मंडळाने हाडाच्या मोडीस हे यंत्र वापरू नये असा स्पष्ट अभिप्राय दिला. जुन्या परीक्षा लहान होत्या आणि त्यांचा भर फोटोवर होता. आमच्या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक आहे की, कागद एक सांगतो आणि जमिनीवरचा कबजा दुसरेच सांगतो. फोटो हा कागद, चालणे हा कबजा.

राहिले ते बरे झालेल्यांचे दाखले. बहुतेक मोडलेली हाडे यंत्रावाचूनही जुळतातच. मग रोज वीस मिनिटे चकती लावणाऱ्याचे हाड जुळले तर श्रेय चकतीलाच मिळावयाचे. यालाच आपल्या शास्त्रकारांनी काकतालीय न्याय म्हटले आहे. साक्षीदार खोटे बोलत नाही, तरीही साक्ष टिकत नाही.

पाटल्या हातातच राहिल्या. डॉक्टरांनी सळई पक्की असल्याची खात्री केली आणि सिगारेट बंद करावयास सांगितले, कारण धूम्रपानाने हाड जुळण्यास विलंब लागतो, ही गोष्ट वादातीत आहे. आतेबंधू यावर फार रागावले. यंत्र गेल्याचा त्यांस मुळीच खेद नव्हता.

महिनोन्‌महिने न जुळलेल्या हाडाचा खटला मात्र वेगळा आहे आणि तो अद्याप निकाली निघालेला नाही. तेथे यशाचे दाखले बरेच आहेत, पण बहुतेकांत मुक्या यंत्राचा तुलनेचा गट नाही. उलट, अशा रुग्णापुढे दुसरा मार्ग असतो तो पुन्हा शस्त्रक्रियेचा, कित्येकदा कमरेच्या हाडाचा अंश काढून तेथे बसविण्याचा. त्यापूर्वी काही महिने हे यंत्र लावून पाहू म्हणणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांस आम्ही दोष देणार नाही. मात्र यंत्र घ्यावयाचे झाल्यास, किती महिन्यांनी आणि कशावरून गुण आला किंवा न आला हे ठरवावयाचे, ते डॉक्टरांकडून आरंभीच लिहून घ्यावे. गुण न आल्यास पैसे परत, असे विक्रेता म्हणत असेल तर तेही.