अर्धी खाल्लेली बाग

ज्या बागेत एकही पान कुरतडलेलं नाही, तिथं पक्षी फार वेळ थांबत नाहीत. येतात, कुंडीच्या काठावर बसून शेपटी हलवतात आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर निघून जातात. त्या प्लॉटवर कुणी काही लावलेलं नसतं. एरंड, रुई, टणटणी, एखादी चुकार बाभूळ आपल्या मर्जीनं वाढलेली असते. पण सकाळी तिथला गलबला ऐकून बागवाल्याच्या पोटात दुखतं.

पक्ष्यांना बोलवायचं म्हटलं की आपला हात आधी धान्याच्या डब्याकडे जातो. संस्कारच तसा. जेवणाआधी काकबळी, बाळाला भरवताना एक घास काऊचा, एक चिऊचा. भाव चांगलाच आहे. पण शहरातल्या गॅलरीत ज्वारी टाकली की कबुतरं मुक्कामाला येतात आणि चिऊ बिचारी तारेवर बसून बघत राहते. शिवाय दाणे टिपणाऱ्या त्याच चिमणीची पिल्लं दाण्यांवर वाढत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत त्यांना अळ्या लागतात, किडे लागतात. फळांवर जगणारा बुलबुल, फुलातला मध पिणारा शिंजीर, हेही पिल्लांसाठी किडेच शोधत फिरतात. म्हणजे पक्ष्यांची बाग करायची तर आधी अळ्यांची बाग करावी लागते. हे वाक्य नर्सरीत जरा मोठ्यानं म्हणून पाहावं. लोक वळून बघतात.

पुण्यातल्या आमच्या तळमजल्यामागे भिंतीपर्यंत एक चिंचोळी पट्टी आहे. तिथं लिंबू आहे, कढीपत्ता आहे. या दोन झाडांवर काळ्या-पिवळ्या फुलपाखरांची अंडी ठरलेली. त्यांतून निघालेली लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. खाणाऱ्यानंच टाकून दिलेलं पुन्हा कोण खाईल, असा तिचा हिशोब. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. एवढं करूनही बऱ्याच जणी शिंपी आणि दयाळ यांच्या चोचीत जातात. फोडणीला कढीपत्ता तोडायला जावं तर निम्म्या फांद्यांना नुसत्या काड्या. मी पाच रुपयांची जुडी विकत आणते आणि गप्प बसते. फवारणी केली असती तर झाड भरलेलं राहिलं असतं, आणि रिकामंही.

खरा झगडा खराट्याशी आहे. आमचे माळीमामा कसबी माणूस, पण वाळलेलं पान त्यांना बघवत नाही. कोपऱ्यातला पाचोळा राहू द्या म्हटलं, तर म्हणाले, "ताई, घाण दिसते." दिसते खरी. पण त्या पाचोळ्यात सातभाई उतरतात. एकेक पान चोचीनं उलटून फेकतात, खालचा किडा उचलतात, मध्येच आपापसांत कडकडून भांडतात. मामा आता तो कोपरा सोडून झाडतात. चेहरा मात्र उष्टं ताट तसंच ठेवायला सांगितल्यासारखा करतात.

जळमटांचंही तसंच. घरातली काढावीत, बाहेरची राहू द्यावीत. शिंपी पानांच्या कडांना भोकं पाडून कोळ्याच्या धाग्यानं आणि कापसानं ती शिवतो. शिंजिराची मादी तर सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा असला सगळा केर जाळ्याच्या धाग्यांनी बांधून लोंबतं घरटं करते. लांबून वाटतं, वाऱ्यानं कचराच अडकलाय. जवळून पाहिलं तर दारावर छोटी पडवीसुद्धा असते.

२०२०पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. पाचला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, बाराला सलीम अलींचा. योग मात्र असा, की हा आठवडा दिवाळीच्या आगेमागे येतो, म्हणजे सोसायट्यांच्या बागा नुकत्याच चोपूनचापून छाटलेल्या असतात तेव्हा.

छाटणीत पहिला बळी वाळक्या फांदीचा. आमच्या शेवग्याची एक फांदी अशीच वठलेली आहे. सोसायटीच्या बैठकीत तिच्यावर चर्चा झाली आहे. ती रस्त्यावर नाही, कुणाच्या डोक्यावर नाही, एवढ्यावर तिला अभय मिळालं. तांबटाला घरट्याचं भोक कोरायला असंच मऊ, मेलेलं लाकूड लागतं. त्याचं बिऱ्हाड उठलं की त्या पोकळीत दुसरं कुणीतरी राहायला येतं. कोतवालाला तर निष्पर्ण टोक हवंच. तिथून उडता किडा हेरायला बरं पडतं.

बाकी गोष्टी सोप्या. मातीचं पसरट भांडं, बोटभर पाणी, त्यात टेकायला एक दगड. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डासांची सोय होते. झाडं शक्यतो इथलीच लावावीत, पण सोवळं पाळू नये. सिंगापूर चेरी परदेशी आहे, म्हणून फुलटोच्या तिच्याकडे पाठ फिरवत नाही.

एक मात्र आधीच सांगून ठेवलेलं बरं: कोणी यावं हे आपण ठरवू शकत नाही. बुलबुलांनी टांगत्या कुंडीत घरटं केलं, पिल्लं निघाली, आणि एका दुपारी भारद्वाज येऊन एक पिल्लू घेऊन गेला. शेजारच्या आजी भारद्वाज दिसला की शुभ म्हणून हात जोडतात. त्या दिवशीही जोडले, आणि त्याच दमात त्याला मेल्या मुडद्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उरलेलंही नाहीसं झालं. बुलबुल थोडे दिवस दिसले नाहीत. मग त्यांनी नवं घरटं थेट आमच्या मागच्या दारावरच्या दिव्यावर बांधायला घेतलं. आता संध्याकाळी तो दिवा लावायचा की नाही, यावरून घरात दोन तट पडले आहेत, आणि आजी तिसऱ्या तटाच्या आहेत: भारद्वाजालाही उजेडात नीट दिसेल म्हणतात.