रामेनवरचा कांदा

चांदवडच्या माणसाला कांद्याचं कौतुक नसतं, काळजी असते. सकाळी चहाच्या टपरीवर भेटलेला माणूस खुशाली विचारत नाही, ‘काल काय भाव निघाला?’ विचारतो. उन्हाळ कांदा चाळीत पडला की पावसाळाभर घरदार त्याच्या वासावर कान ठेवून झोपतं. कुठे सडला, कुठे कोंब आला, गोल्टी किती निघाली, याच गोष्टी. जेवताना बुक्कीनं फोडून भाकरीबरोबर खायचा तोच कांदा, पण खाताना त्याच्याकडे बघतो कोण? मी कांद्याकडे निवांत बघितलं ते हाचिओजीत, रामेनच्या वाडग्यात.

हाचिओजी टोकियोच्या पश्चिमेला, शिंजुकूहून चुओ लाइनच्या गाडीनं चाळीसेक मिनिटांवर. लेक आणि जावईबापू तिथं राहतात. गावी आम्ही ‘टोकियोला असतात’ असं सांगतो, पण त्या गावातून टोकियो दिसत नाही, डोंगर दिसतात. जुन्या काळी एदोहून, म्हणजे तेव्हाच्या टोकियोहून, पश्चिमेला जाणाऱ्या कोशू काइदो रस्त्यावरचं ते मुक्कामाचं मोठं ठाणं. भोवती तुतीची शेतं, घरोघरी रेशीम, आणि ते रेशीम पुढे योकोहामा बंदरातून परदेशी जायचं. मुंबई-आग्रा रस्त्यावर, डोंगराच्या कुशीत वाढलेल्या आणि शेजारच्या येवल्याचे माग पाहिलेल्या माणसाला अशा गावात परकं वाटायचं कारण नव्हतं.

लेकीच्या घरामागच्या गल्लीत ते दुकान. दारावर रंग उडालेला कापडी पडदा, आत लाकडी ओटा, ओट्याला लागून उंच स्टुलं. पलीकडे म्हातारा नवरा आणि म्हातारी बायको. तो शेवया उकळतो, ती बाकी सगळं करते. बोलणं जवळपास नाही. कोपऱ्यातल्या टीव्हीवर बेसबॉल, त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नाही. गिऱ्हाईक येतं, बसतं, फुरक्या मारत खातं, पैसे देऊन उठतं. फुरक्यांचा आवाज मोठा आणि त्याची लाज कोणाला नाही. मला ते फार बरं वाटलं. आमच्याकडे रस्सा ओरपणाऱ्याला हल्ली घरातलीच पोरं डोळे वटारतात.

वाडगा समोर आला. सोया सॉसचा तपकिरी, पातळ रस्सा, त्यावर चरबीचा चकचकीत तवंग, खाली पिवळसर शेवया, कडेला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, काळा तुकडा आणि मांसाची एक चकती. मधोमध बारीक चिरलेल्या पांढऱ्या कच्च्या कांद्याचा ढीग. मी लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, “अण्णा, म्हणूनच तर तुम्हाला इथं आणलं.”

जपानात बहुतेक ठिकाणी रामेनवर पात घालतात. कच्चा गड्डा कांदा घालायची रीत हाचिओजीची, १९५० च्या दशकाच्या अखेरीस इथल्याच एका दुकानात सुरू झालेली. त्यातली युक्ती तवंगात आहे. कांद्याचा उग्रपणा चरबीत मुरतो, रश्शाच्या उष्णतेनं कांदा अर्धवट शिजतो, आणि दाताखाली करकरीत राहूनही जिभेला गोड लागतो. पहिल्या घासाला तिखट, वाडग्याच्या तळाशी पोचेपर्यंत साखर. आमच्या मिसळीवरचा कांदा घाईघाईनं संपतो. हा मुरत जातो. शेवयांना जो पिवळेपणा आणि चिवटपणा असतो तो पिठात मिसळलेल्या खारामुळे. तो खार म्हणजे आपल्या पापडखाराचा सख्खा भाऊ. मांसाची चकती मी जावईबापूंच्या वाडग्यात सरकवली. रस्सा कशाचा आहे ते विचारलं नाही. काही गोष्टी परगावी विचारू नयेत.

खरं तर हे सगळं मूळचं चिनी. योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणून १९१० मध्ये टोकियोच्या असाकुसात राइराइकेन नावाचं दुकान निघालं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचा गहू आला तसं रामेन गल्लोगल्ली झालं. कांदाही तसाच पाहुणा. मेजी काळात अमेरिकेतून बियाणं आलं, होक्काइदोच्या थंडीत रुजलं. आज जपानातला निम्म्याहून जास्त कांदा तिथलाच. पिवळ्या सालीचा, गोल, फार सभ्य कांदा. बाहेरून येणारा बहुतेक चीनचा.



मी खात असताना धाकट्या भावाचा फोन आला. त्यानं भाव सांगितला आणि आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली तेव्हा चांदवडला महामार्ग अडवला गेला. म्हणजे कांद्यासाठी आम्ही रस्त्यावर बसलो, ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत रात्री काढल्या. पण कांदा चवीला कसा आहे, यावर गावात कधी कोणाचं भांडण झाल्याचं मला आठवत नाही. त्या म्हातारीनं मात्र कांदा चिरताना एक पाकळी उचलून तोंडात टाकली, जराशी थांबली आणि तो गड्डा बाजूला ठेवून दुसरा घेतला. असं पारखून कांदा निवडताना मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. आमच्याकडे पारख होते ती आकाराची, रंगाची आणि पत्तीची.

तरी माझं मत सांगतो. म्हातारीचा हात थोर, पण कांदा मवाळ. त्या तवंगाला झुंजायला समोर कोणी तगडा गडी नाही. तिथं चाळीत दोन महिने मुरलेला आमचा उन्हाळ कांदा पडला असता, तर तो वाडगा काही वेगळाच झाला असता. मी लेकीला म्हटलं, पुढच्या खेपेला पिशवीतून चार गड्डे आणतो. ती हसली. जपानात रोपसंरक्षणाच्या दाखल्याशिवाय ताजा कांदा आत येऊ देत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. तेव्हा तुम्ही हाचिओजीला गेलात तर कांदा बरोबर नेऊ नका. तिथलाच जादा मागून घ्या. थोडे येन वर पडतात, देऊन टाका.