रेणू आपले कूळ सांगत नाही

पौषातल्या गारठ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांत खोबरेल गोठते. शेजारच्या बरणीतील शेंगदाणा तेल मात्र पातळच राहते. दोन्ही वनस्पतिजन्य, मग हा भेद कशामुळे?

तेल असो वा तूप, त्याचा मुख्य घटक एकच : ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. मेदाम्ल म्हणजे प्रामुख्याने कार्बन अणूंची साखळी. साखळ्या सरळ असतील तर त्या एकमेकींलगत नीट रचल्या जातात आणि पदार्थ घट्ट होतो. साखळीत दुहेरी बंध आला की ती बहुधा वाकते आणि तेल पातळ राहते. अठरा कार्बनांचे सरळ स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. तितक्याच कार्बनांचे, पण एक दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल सुमारे १३ अंशांनाच. खोबरेलात सरळ साखळ्यांचे प्राबल्य, शेंगदाणा तेलात वाकलेल्यांचे.

निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळला की दुहेरी बंध कमी होतात आणि वनस्पती तूप तयार होते. १९३७ पासून ‘डालडा’च्या रूपाने ते स्वयंपाकघरांत रुळले. ही प्रक्रिया अर्धवट राहिली तर काही बंध टिकूनही साखळ्या सरळ होतात. हेच ट्रान्स मेद. ते हृदयास घातक असल्याने २०२२ पासून भारतात खाद्यतेले व मेदांत त्यांची मर्यादा २ टक्के आहे.

अहिंसा पाळणाऱ्या कुटुंबापुढे मात्र आणखी एक प्रश्न उरतो. स्टिअरिक आम्ल पामतेलापासून मिळते, तसेच गुरांच्या चरबीपासूनही. शुद्ध केल्यावर दोन्हींचा रेणू एकच; नेहमीची रासायनिक कसोटी त्याचे कूळ सांगू शकत नाही. साबण, मेणबत्ती, औषधी गोळीतील मॅग्नेशियम स्टिअरेट, बिस्किटातील इमल्सिफायर, या साऱ्यांत मेदाम्ले असतात. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गुरांची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा कित्येक घरांचा बाजारावरील विश्वासच डळमळला.

जेथे रेणू मुका होतो, तेथे व्यापाऱ्याचा शब्द बोलू लागतो. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरचा किराणा व्यापारी असो वा डोंबिवलीचा औषधविक्रेता, ‘हे कशापासून बनले?’ असे त्याने पुरवठादारास विचारावे, उत्तर लेखी घ्यावे आणि ते कागद बिलांइतक्याच काळजीने जपावेत. ग्राहक डबा पाहून नव्हे, दुकानदाराचा चेहरा पाहून माल नेतो.