इटालियन क्रियापदांतील आघात

परकी भाषा शिकूं लागलों म्हणजे आपण आधीं शब्दांचे अर्थ पाठ करितों, मग व्याकरणाकडे वळतों. इटालियन भाषेंत मात्र उच्चार हाच व्याकरणाचा एक भाग आहे, असें तिच्या अभ्यासांत मला पदोपदीं दिसून येतें.

प्रथम शब्दाचे अवयव पाडावे. अवयव म्हणजे जिभेच्या एका झटक्यांत उच्चारला जाणारा तुकडा. ‘पार्लारे’ म्हणजे बोलणें. त्याचे अवयव पार्-ला-रे. व्यंजनाचें द्वित्व झालें तर एक मागें राहतें व एक पुढें जातें, जसें आपण ‘सत्ता’ हा शब्द सत्-ता असा उच्चारितों. परंतु सकारापुढें निराळें व्यंजन आलें तर दोन्हीं पुढेंच जातात. आपला ‘रस्ता’ रस्-ता असा तुटतो. ‘पुरे होतें’ या अर्थाचें त्यांचें ‘बास्ता’ मात्र बा-स्ता असें तुटतें.

अवयव पाडल्यावर आघात कोठें, हें पाहावें. ‘पार्लो’, मी बोलतों, येथें तो पहिल्या अवयवावर आहे. ‘पार्ल्यामो’, आम्ही बोलतों, येथें तो मधल्यावर येतो. आणि ‘पार्लानो’, ते बोलतात, येथें पुन्हां पहिल्यावर परततो. ‘आबितानो’, ते राहतात, यांत तर तो शेवटून चौथ्या अवयवावर पडतो. छापील पुस्तकांत आघाताची खूण बहुधा तो शेवटच्या स्वरावर असेल तेव्हांच देतात. एरवीं कानावरच भिस्त.

माझी बहीण मिलान शहरीं राहते. तिच्या लहान मुलास मराठी थोडकेंच येतें. म्हणून रविवारीं मी त्यास दूरध्वनीवरून इटालियन गोष्ट वाचून दाखवितों. ‘कान्तो’ या शब्दांत आघात पहिल्या अवयवावर दिला तर अर्थ ‘मी गातों’. शेवटच्यावर दिला तर ‘तो गायला’. गोष्टींत असलीं भूतकाळीं रूपें ओळीओळीस येतात. आघात ढळला कीं पांखरूं गप्प बसतें आणि मामाच गाऊं लागतो! मामाभाच्यांमधली वाट या भाषेवरूनच जाते. ती बिकट होऊं नये म्हणून मी आदल्या रात्रीं प्रत्येक क्रियापदाखालीं पेन्सिलीनें खूण करून ठेवितों.

विद्यार्थिमित्रहो, वृत्तांचे लघुगुरु मोजण्याची संवय आपणांस आहेच. तीच येथें कामीं आणावी: नवें क्रियापद भेटलें कीं बोटांवर त्याचे अवयव मोजावे, आघात असेल तेथें टाळी द्यावी, आणि मगच तें मोठ्यानें म्हणावें.