पडणारा प्रकाश

आंबेगाव तालुक्यातील लोणीत वृद्धांची छायाचित्रे टिपायची होती. कित्येकांचे आधारकार्डाखेरीज दुसरे छायाचित्र नाही. आमच्या यशिका मॅट १२४जी कॅमेऱ्यातला प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला, आणि ती आता मिळत नाही. सेलेनियमच्या मापकाला बॅटरी लागत नाही, पण तोही वयोमानाने मंदावतो (माणसासारखाच!). शिवाय परावर्तित प्रकाश मोजणारा मापक समोरचे सारे करडेच समजतो. पांढरे धोतर, पांढरी टोपी दिसली की तो प्रकाश कमी करावयास सांगतो, आणि सावळा, सुरकुतलेला चेहरा काळवंडतो. आम्हांस तर चेहराच हवा होता. म्हणून पांढऱ्या घुमटाचा, अंगावर पडणारा प्रकाश मोजणारा सेकॉनिक निवडला. तो हनुवटीपाशी, घुमट कॅमेऱ्याकडे करून धरावा लागतो. एका आजोबांना वाटले, आम्ही ताप पाहतो आहोत.