अख्खी होडी

“अख्खी होडी घेतली तर किती?” हा प्रश्न तिने पहिल्यांदा ऐकला तो मासुंदा तलावाच्या काठी. ती सात वर्षांची होती. दिवाळीचा बोनस नुकताच हातात पडला होता आणि वडील कंपनीतून येतानाच ठरवून आले होते की आज पोरांना तलावपाळीवर न्यायचं. होडीवाला माणशी दर सांगत होता. वडिलांनी तो ऐकून घेतला, खिशात हात घातला आणि हा प्रश्न विचारला. मग होडीत फक्त घरची पाच जणं बसली. परकं कुणी नव्हतं, कुणाची पिशवी मांडीवर नव्हती. कौपिनेश्वराच्या देवळासमोरून होडी संथ फिरली. फेरी जेमतेम पंधरा मिनिटांची असेल. तिच्या आठवणीत मात्र ती संध्याकाळ अजून संपलेली नाही.

राहायला ते माजिवड्यात. आज माजिवडा म्हटलं की उड्डाणपूल, नाशिककडे जाणाऱ्या ट्रकांची रांग आणि घोडबंदर रस्त्याचं तोंड डोळ्यांपुढे येतं. ऐंशीच्या दशकात मात्र नाका सोडून आत वळलं की गाव लागायचं. कौलारू घरं, सुकत घातलेलं सोडे-सुकट आणि दुपारच्या पाळीचा भोंगा. तिच्या आईचं माहेर त्याच गावातलं, आगरी. आईचे वडील, तिचा आजा, बाळकूमच्या बाजूने खाडीत जायचा. त्याची स्वतःची लहानशी होडी होती आणि हाताने विणलेला पाग होता. ती होडी कधी कुणी भाड्याने मागितली नाही, आजाने दिलीही नसती.

ही खाडी म्हणजे उल्हास नदीचा शेवटचा टप्पा. राजमाचीच्या डोंगरात उगवलेली नदी कल्याणपाशी रुंदावते आणि वसईला समुद्राला मिळते. पण दिवसातून दोनदा समुद्रच उलटा नदीत शिरतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते. एवढं पाणी सहा तासांत आत आणि सहा तासांत बाहेर धावत असेल तर तळाचा गाळ बसणार कधी? म्हणून खाडीचं पाणी चहाच्या रंगाचं. हात बुडवला की मनगटापाशी नाहीसा होतो.

तिला ते फार लागायचं. होडीच्या कडेवर वाकून ती खाली बघत राहायची आणि दिसायचं फक्त स्वतःचं हलणारं तोंड. खाली काय आहे, असं तिने एकदा विचारलं, तेव्हा आजा म्हणाला, “बाय, खारीचं पानी डोल्यांनी बघाचं नसतं, हातानी बघाचं.” आणि ओहोटीला त्याने खरंच दाखवलं. गुडघाभर चिखलात उभा राहून बिळात हात घातला, क्षणभर डोळे मिटले आणि चिंबोरी बाहेर काढली. नांगी कुठल्या बाजूला आहे ते त्याला बोटांनीच कळलं होतं. निवट्या, बोयटं, कोळंबी, नशीब असेल तर जिताडा. सगळं त्या न दिसणाऱ्या पाण्यातून यायचं.

गढूळ पाणी म्हणजे मेलेलं पाणी, हा शहराचा गैरसमज तिने पुढे अनेकांच्या तोंडून ऐकला. शहराच्या दुसऱ्या अंगाला, ठाणे खाडीच्या तशाच चिखलात दरवर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात, ते त्या गाळातल्या खाद्यासाठीच. 2015 साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 साली ती पाणथळ जागा रामसर यादीत गेली. आजाच्या खाडीला मारलं ते गाळाने नाही. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी, रेती उपसणारे पंप, किनाऱ्यावर टाकलेला भराव यांनी तिचा जीव घेत आणला. पागात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येऊ लागलं, तशी आजाची होडी घराच्या मागे पालथी पडली. दोन पावसाळे तिने तिच्यावर बसून अभ्यास केला. तिसऱ्या वर्षी फळ्या चुलीत गेल्या.

मधली काही वर्षं होडी म्हणजे गर्दी. शाळेची सहल जंजिऱ्याला गेली, तेव्हा राजपुरीच्या धक्क्यावर शिडाची होडी गच्च भरेपर्यंत हलली नाही. किल्ल्यावर वाटाड्याने तोफ दाखवली आणि घड्याळाकडे बोट केलं. गेटवेहून घारापुरीला जाताना तसंच. त्या होड्यांविषयी तिची तक्रार नाही, हजारो माणसांना परवडेल अशा दरात समुद्र दाखवणं हे मोठंच काम आहे. पण प्रत्येक वेळी होडीतून उतरताना काहीतरी अर्धं राहिल्यासारखं वाटायचं.

मग मालवण. पहिल्या खेपेला ती गेली ती नवरा आणि दोन मुलांना घेऊन, ठाण्याहून कोकणकन्या पकडून कुडाळला उतरून. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखालचं जग दाखवतात, एवढंच ऐकलं होतं. माणशी पैसे भरले. होडीत दहा-बारा अनोळखी माणसं होती. नळीतून श्वास कसा घ्यायचा ते घाईघाईने सांगितलं गेलं, कुणाच्या तरी तोंडातून काढलेली नळी खळखळून हिच्या हातात आली. पाण्यात कुणीतरी पावाचे तुकडे फेकले आणि पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे झुंडीने त्यावर तुटून पडले. खाली बघायच्या आधीच शिट्टी वाजली. पाणीही त्या दिवशी धुरकट होतं. वाऱ्याने ढवळलेलं.

तरी एक गोष्ट घडली. काच डोळ्यांवर बसली आणि तिने तोंड पाण्यात घातलं, त्या पहिल्या क्षणी स्वतःची बोटं स्पष्ट दिसली. नखांसकट. चाळीस वर्षांत पाण्यात बुडालेली स्वतःची बोटं तिने अशी कधी पाहिली नव्हती.

उघड्या डोळ्यांना पाण्यात धूसर दिसतं, त्याचं कारण साधं आहे. हवेतून डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात शिरताना प्रकाश वाकतो आणि प्रतिमा जुळते. पाणी आणि तो पडदा यांची प्रकाशीय घनता जवळजवळ सारखी, त्यामुळे पाण्यात प्रकाश पुरेसा वाकतच नाही. काचेच्या आत अडकलेला हवेचा कप्पा ती वाकण्याची जागा परत मिळवून देतो. थायलंडच्या सुरीन बेटांवरच्या मोकेन या समुद्री भटक्या जमातीच्या मुलांना मात्र काचेशिवायही तळातलं बारीक दिसतं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या अॅना गिस्लेन यांनी 2003 मध्ये हे मोजून दाखवलं. ही मुलं पाण्यात बाहुली अगदी लहान करतात आणि युरोपातल्या मुलांच्या दुपटीने स्पष्ट पाहतात. हे वाचलं तेव्हा तिला आजाची बोटं आठवली. पाण्यावर जगणारं माणूस शरीराचा कुठला ना कुठला भाग त्या पाण्यासाठी तयार करतं.

मालवणच्या दुसऱ्या खेपेला तिने आईलाही बरोबर घेतलं. आई सत्तरीत होती. आणि या वेळी दांडीच्या किनाऱ्यावर उभं राहून तिने तोच जुना प्रश्न विचारला.

दर ऐकून थोडी दबली, पण ठरवलं. पैसे देण्याआधी होडीची नोंदणी, किती माणसांची परवानगी आहे आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे की नाही, एवढं तिने विचारलं. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कुबाचे पर्यटक आणणारी होडी उलटून दोन माणसं गेली होती. पावसाळ्याच्या तोंडावरचा समुद्र, होडीत वीस पर्यटक. त्यामुळे हे विचारताना तिला संकोच वाटला नाही आणि होडीवाल्यालाही राग आला नाही. त्याने जाकिटं काढून एकेक पट्टा ओढून दाखवला. आईला हात देऊन चढवताना तो तिला मावशी म्हणाला.

मग तो पाण्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, आता नको. वाईच थांबा. भरती येऊ दे, पाणी निवाळतला.”

अख्खी होडी घेतली म्हणजे आपण म्हणू तेव्हा आणि म्हणू तिथे, अशी तिची समजूत होती. ती तिथेच गळून पडली. ठरवणारा तोच होता. पण आता तो खरोखर ठरवू शकत होता, एवढा फरक होता. डोक्यावर पुढच्या फेरीची माणसं नसली की होडीवाला पाण्याची वाट बघू शकतो. देवबागच्या बाजूने कर्ली नदीचं गढूळ पाणी ओहोटीला बाहेर पडतं, भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. पाऊस संपून गाळ बसला की नोव्हेंबरपासून पुढे काही महिने नजर चांगली लागते, पण त्यातही वारा फिरला की सगळं बदलतं. हे सगळं त्याला पाठ होतं. भाडं खरं तर या पाठ असण्याचं द्यायचं असतं, असं तिचं आता ठाम मत आहे. त्यावर घासाघीस करणाऱ्यांशी ती वाद घालते.

तासाभराने निघाले. किल्ल्याला वळसा घालून होडी मागच्या बाजूला गेली. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी ज्याची पायाभरणी केली, तो तट समुद्रातून वर आलेला असा अगदी खालून बघायला मिळाला. मुलं गप्प झाली. त्या तटाच्या आसपासचं पाणी मालवण सागरी अभयारण्यात येतं. 13 एप्रिल 1987 रोजी ते जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं, आणि पद्मगडाभोवतीचा भाग त्याचा गाभा. मासेमारीवर गदा येईल म्हणून इथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता. ज्यांच्या जाळ्यांवर घर चालतं त्यांच्यासाठी तो प्रश्न पोटाचा होता, आणि आजाची खाडी हातातून जाताना पाहिलेल्या बाईला तो कुणी समजावून सांगावा लागला नाही.

होडीवाल्याने इंजिन बंद केलं. नांगर लगेच टाकला नाही. वल्ह्याने होडी थोडी सरकवली, खाली वाळू दिसेपर्यंत, आणि मग दोर हळूहळू सोडला. दगडावर टाकलेला नांगर ओढला गेला की पोवळं मोडतं. पोरायटीस जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, म्हणजे वीतभर उंचीचा गोळा हा वीसेक वर्षांचा. तिच्या धाकट्या मुलाहून मोठा.

काचेच्या आतून थुंकी फिरवून तिने मास्क धुतला. काचेवर वाफ धरू नये म्हणून ही युक्ती सगळेच करतात. आणि पाण्यावर पालथी पडली.

खाली दगड होते आणि दगडांवर पिवळट, करडे, फिकट जांभळे गोळे. त्यांच्या मधून पोपटमासा चोचीने काहीतरी खरवडत चालला होता आणि तो कुरकुर आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होता. पाव नसल्यामुळे झुंड आली नाही. मासे आपापल्या कामात होते, तेच बघायचं होतं. सुरुवातीला तिचा श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता. पाच मिनिटांनी तो शांत झाला, दहा मिनिटांनी तिला दगडाच्या खोबणीत एक मिशीवाला शेवंड दिसला, आणि पंधराव्या मिनिटाला, ज्या सुमाराला मागच्या खेपेला शिट्टी वाजून गेली होती, डोळे खऱ्या अर्थाने बघायला लागले. थकून तिने पाय खाली सोडले, तेव्हा वरून हाक आली, “पाय टेकू नकात! ता दगड नाय, जित्तां आसा!” तिने पाय वर ओढून घेतले.

परत होडीत चढली, तेव्हा आई आणि होडीवाला यांचं मासळीवर चाललं होतं. इथे रापण ओढतात, कितीतरी घरं मिळून एक जाळं, आणि वाटे पडतात, हे तो सांगत होता. आई पागाविषयी सांगत होती. एकाच माशाला त्याच्याकडे एक नाव आणि आईकडे दुसरं. होडी लाकडाची नाही म्हणून आईने तिच्यावर टिचकी मारून पाहिली. फायबर. लाकूड परवडत नाही आणि बांधणारे सुतारही कमी झाले, तो म्हणाला. आईने मान हलवली आणि तळाशी साचलेलं पाणी कापलेल्या डब्याने उपसायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. तो नको नको म्हणत राहिला.

खाली उतरायला आई तयार नव्हती. गुडघे दुखतात म्हणाली. मुलीने काच पुढे केली, तीही नको.

“भरती फुल्ल झाली, आता वारो उठतलो,” होडीवाला म्हणाला. आणखी थोडा वेळ मागावा असं तिच्या मनात आलं, पण तिने मागितला नाही. त्याने दोर ओढायला घेतला. तेवढ्यात आई कडेवर वाकली आणि पदर खांद्यावर घट्ट धरून तिने उजवा हात पाण्यात घातला, आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. हात नाहीसा झाला नाही. पाटल्या दिसत होत्या, मधल्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या, सरळ झालेली बोटं दिसत होती. आईने मूठ मिटली, उघडली. होडीवाल्याने नांगर आत घेतला, पण इंजिनाची दोरी ओढली नाही.