नागासाकीच्या भिंतीवरील कोळी

जपानच्या क्यूशू बेटावरील नागासाकी हे बंदर डोंगरउतारांवर वसलेले असून ‘त्सुयू’च्या, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होणाऱ्या पावसाच्या दिवसांत, तेथील जुनी लाकडी घरे ओल धरू लागतात. अशा एका घरात भाड्याने राहिलेल्या मराठी प्रवाशाचे दिवस ट्राममधून फिरण्यात आणि चढणीच्या पायऱ्या चढण्यात सरले. परंतु त्या वास्तव्यातील सर्वांत मोलाची गोष्ट घडली ती स्वयंपाकघरात, रात्री.

दिवा लावताच ओट्यावरच्या भिंतीवर तळहाताएवढा तपकिरी कोळी दिसला. त्याचे पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले होते आणि शरीर इतके चपटे होते की कपाटामागच्या फटीतही ते सहज शिरावे. प्रवाशाच्या घशाला कोरड पडली. परक्या देशात विषारी काय आणि निरुपद्रवी काय हे ठाऊक नसल्यामुळे भीती दुणावते, आणि विचारायला घरचे कोणी जवळ नसते. त्याने झाडू उचलला, तोच कोळी नजर ठरणार नाही अशा वेगाने आडवा धावत छताशी गेला. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरून आलेल्या वृद्ध घरमालकीणबाईंनी झाडू काढून घेतला, ‘गोकिबुरी’ म्हणजे झुरळ, एवढा एकच शब्द उच्चारला आणि कोळी ते खातो हे हातवाऱ्यांनी समजावले.

जपानीत ‘अशिदाका-गुमो’ आणि शास्त्रीय परिभाषेत ‘हेटेरोपोडा व्हेनाटोरिया’ म्हटला जाणारा हा कोळी भक्ष्यासाठी जाळे विणत नाही, तर रात्री धावून शिकार करतो. हाताने दाबून धरल्यास तो चावू शकतो, पण तो चावा माणसाला घातक नसतो. लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने 1767 मध्ये त्याचे वर्णन केले. विशेष म्हणजे हीच जात कोकणातील आणि मुंबईतील घरांतही राहते; जहाजांतील मालाबरोबर ती उष्ण प्रदेशांतील बंदरोबंदरी पसरली.

हे कळल्यावरच प्रवाशाला देजिमा पाहण्याची खरी ओढ लागली. 1641 पासून दोन शतकांहून अधिक काळ डच व्यापाऱ्यांचे वास्तव्य ज्या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटापुरते मर्यादित होते, तेथील गोदामांत साखर, कापड आणि तांबे यांच्याविषयी भरपूर माहिती मिळते. पोत्यांच्या घडीतून आणि फळ्यांच्या सापटीतून आलेल्या जिवांचा हिशेब मात्र कोणत्याही वखारीने ठेवलेला नसतो, आणि ही उणीव प्रवाशाला मनापासून खटकली.

पुढे एका रात्री मोरीच्या दारामागे या जातीची मादी दिसली. पांढरट, चपटी अंडपिशवी, म्हणजे रेशमी धाग्यांत गुंडाळलेली अंडी, तिने पोटाखाली धरली होती. पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती अशीच वाहिली जाते. झुरळांसाठी विषारी फवारा मारून त्यांच्या या शिकाऱ्यालाही संपवण्याची शहरी सवय प्रवाशाला त्या क्षणी अडाणीपणाची वाटली, आणि दुकानातून आणलेला फवाऱ्याचा डबा त्याने न उघडताच घरमालकीणबाईंच्या स्वाधीन केला.